व्हेनियर लावलेल्या दातांनी काय खावे आणि कसे खावे

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या गावात माझे बालपण गेले, तिथल्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर होते, आणि त्या पाण्यावर वाढलेल्या आमच्या पिढीतल्या अनेकांच्या समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे व निस्तेज पांढरे डाग आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांत ही मर्यादा ओलांडणाऱ्या विहिरी आणि कूपनलिका आहेत. हे डाग इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाच्या, आतले असल्यामुळे घासून जात नाहीत, म्हणून नोकरी लागल्यानंतर मी पुण्यात वरच्या समोरच्या सहा दातांवर पोर्सेलीनची व्हेनियर्स बसवून घेतली. दवाखान्यातून निघताना पथ्याचा एक छापील कागद मिळाला. त्यात सफरचंद, स्टेक, रेड वाइन आणि ब्लूबेरी यांच्याविषयी सावधगिरीच्या सूचना होत्या. आमच्या घरी यांपैकी सफरचंद तेवढे येते. चिक्की, सुपारी, उसाचे करवे, कोकम सरबत आणि हळद यांच्याविषयी त्या कागदावर चकार शब्द नव्हता. त्यामुळे डॉक्टरांना वेळोवेळी विचारून आणि थोडे वाचून आपल्या ताटाला लागू पडेल असे जे काही समजले, ते येथे लिहीत आहे.

व्हेनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर कायमचा चिकटवलेला पातळ पापुद्रा असतो. पोर्सेलीनच्या व्हेनियरची जाडी साधारणपणे 0.3 ते 0.7 मिलिमीटर असते. या पापुद्र्याने जेवता येणे ही तशी अलीकडची सोय आहे. कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी 1928 च्या सुमारास हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी जी पातळ आवरणे तयार केली, ती कवळी चिकटवण्याच्या पावडरीने तात्पुरती बसवली जात आणि चित्रीकरण संपले की काढून ठेवली जात. ती कॅमेऱ्यासाठी होती, जेवणासाठी नव्हती. पुढे 1955 मध्ये दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांनी असे दाखवून दिले की, फॉस्फरिक आम्लाने इनॅमलचा पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत केला तर रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखे घट्ट होणारे द्रव्य, त्याला घट्ट धरून राहते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सेलीनची आतली बाजूही हायड्रोफ्लुओरिक आम्लाने तशीच खडबडीत करून, दोन्हींच्या मध्ये रेझिन सिमेंट भरण्याची पद्धत रुळू लागली, आणि तेव्हापासून व्हेनियर हा दाताचा कायमचा भाग होऊ शकला. नीट बसवलेले पोर्सेलीन व्हेनियर दहा-पंधरा वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ टिकते.

ही रचना समजली की पथ्याचा अर्थ लागतो. भिंतीवर पक्की बसवलेली चकचकीत फरशी पुसून स्वच्छ होते, पण तिची कड ठेचली तर टवका उडतो आणि तिच्या सांध्यात मात्र रंग व घाण साठते. व्हेनियरचेही तसेच आहे. पोर्सेलीन सरळ दाब सहज सोसते, परंतु वाकवणारा किंवा ओढणारा ताण त्याला सोसत नाही. तेव्हा जपण्याच्या खऱ्या जागा दोन: एक, घास तोडणारी खालची कड आणि दुसरी, हिरडीजवळ जिथे पोर्सेलीन संपून नैसर्गिक दात सुरू होतो तो सांधा. बाकीच्या दर्शनी पृष्ठभागाची काळजी लोक फार करतात, आणि माझ्या मते विनाकारण करतात.

कडेच्या बाबतीत आपली जेवणाची पद्धत मुळातच अनुकूल आहे. भाकरी असो वा पोळी, आपण हाताने तुकडा मोडतो, भाजीत बुडवतो आणि थेट दाढांकडे सरकवतो. समोरच्या दातांना तोडण्याचे काम फारसे पडत नाही. कडक पावाचे सँडविच, जाड बर्गर, हाडासकट तळलेली कोंबडी अशा पदार्थांत मात्र समोरचे दात रोवून मान मागे ओढावी लागते, आणि नेमका हाच ओढा व्हेनियरच्या कडेला सोसत नाही. वडापावाला मी यातून सूट देते, कारण ताजा पाव मऊ असतो. सफरचंद आणि पेरू वर्ज्य करण्याचे काहीच कारण नाही. त्यांच्या फोडी करून खाव्यात. कच्ची कैरी, गाजर आणि मुळा यांनाही हेच लागू आहे.

वर्षातला सर्वांत अवघड सण संक्रांतीचा. सुगडात घालायच्या वस्तूंची यादी डोळ्यांसमोर आणली, तर एखाद्या दंतवैद्याने धोक्याच्या पदार्थांचा नमुनासंच मांडून ठेवल्याचा भास होतो: उसाचे करवे, बोरे, गाजर, हरभऱ्याचे घाटे. ऊस दातांनी सोलणे तर कायमचे बंद करावेच, पण सोललेला करवासुद्धा समोरच्या दातांनी तोडू नये. त्याचे सुरीने पेराएवढे तुकडे करून ते दाढेखाली चघळावेत. बोराची अडचण त्याच्या आठळीची असते. आठळीभोवतीचा गर समोरच्या दातांनी कुरतडण्याची आपली जुनी सवय असते आणि दात घसरून आठळीवर आदळला की टवका उडायला तेवढे पुरते, म्हणून बोराचा गर सुरीने कापून घ्यावा. तिळगुळात चिक्कीच्या गुळाचा पाक पक्का झाला की लाडू दगड होतो. त्याऐवजी साधा गूळ वापरून केलेला मऊ लाडू किंवा गुळाची पोळी खावी. लाडू कडकच असेल तर तो खलबत्त्यात फोडून त्याचे बारीक तुकडे तोंडात विरघळू द्यावेत. हा उपाय चारचौघांत थोडा विचित्र दिसतो, परंतु देणाऱ्याचा मान राहतो आणि दातही राहतो. हलव्याचे दाणे चावू नयेत, चघळावेत. चिक्की मी सोडली आहे, कारण ती आधी कडक असते आणि नंतर चिकट होते, म्हणजे दाबतेही आणि ओढतेही.

इतर पदार्थांचे थोडक्यात सांगता येईल. दिवाळीच्या फराळातली चकली, कडबोळी आणि कडक शंकरपाळे हाताने मोडून खावेत. पावसाळ्यातले भाजलेले कणीस दातांनी खरवडण्याऐवजी त्याचे दाणे अंगठ्याने ओळीने सोडवावेत. मटणाची नळी समोरच्या दातांनी फोडू नये आणि खेकड्याच्या नांग्या स्वयंपाकघरातच ठेचून घ्याव्यात. गोळ्याचा बर्फ किंवा उसाच्या रसातला उरलेला बर्फ कडाकडा चावण्याची सवय असेल तर ती मोडावी. सुपारी मात्र पूर्ण बंद करणे उत्तम. ती दातांना घासते, पानातला कात सांध्यावर लाल-तपकिरी रेघ सोडतो आणि सुपारीचा कर्करोगाशी असलेला संबंध तर सिद्ध झालेला आहे. याशिवाय दोरा दाताने तोडणे, दुधाची पिशवी दाताने फाडणे आणि केसातला चाप दाताने उघडणे ही कामे खाण्यात मोडत नसली तरी ती दिवसातून अनेकदा घडतात, आणि त्यांतला ताण नेमका कडेवर येतो.

आता पेयांकडे वळते, कारण सांध्याचे नुकसान प्रामुख्याने तिथून होते. तोंडातला सामू, म्हणजेच पीएच, साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजे विरघळू लागतात. हिरडी खाली सरकून मुळाचा भाग उघडा पडला असेल तर ते याहूनही सौम्य आम्लात घडते. कोला पेयांचा सामू सुमारे 2.5 असतो आणि लिंबाचा रसही त्याच पट्ट्यात येतो. पोर्सेलीनवर अशा पेयांचा रोजच्या वापरात फारसा परिणाम होत नाही. जो होतो तो त्याच्या कडेपलीकडच्या नैसर्गिक दातावर. सांध्याजवळचे इनॅमल विरले आणि तिथे कीड शिरली, तर वरचे व्हेनियर कितीही चकचकीत असले तरी ते काढावेच लागते.

साखरेच्या चहाचा हिशोब थोडा वेगळा आहे. चहा आम्लधर्मी नसल्यासारखाच असतो, पण त्यातल्या साखरेवर तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. एक कप चहा दहा मिनिटांत पिऊन संपवला तर दाताला एकदाच त्रास होतो. तोच कप टेबलावर ठेवून दोन तास घोट-घोट घेतला, किंवा कचेरीत दर तासाला कटिंग आला, तर लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. त्यामुळे किती प्यावे यापेक्षा किती वेळा प्यावे हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लिंबू सरबत, कोकम सरबत आणि पन्हे ही उन्हाळ्यातली पेये मी जेवणाबरोबर किंवा एका बैठकीत घेते आणि वर साध्या पाण्याची चूळ भरते. नळी वापरायची असेल तर तिचे टोक समोरच्या दातांच्या मागे जायला हवे. ओठांत धरलेल्या नळीचा फायदा नाही. आंबट पेयानंतर लगेच ब्रश करू नये, कारण मऊ पडलेले इनॅमल त्याने घासले जाते. अर्धा-एक तास थांबावे. वाफाळता चहा आणि त्यावर लगेच बर्फाचे पाणी, हा प्रकारही टाळलेला बरा. दात, सिमेंट आणि पोर्सेलीन हे तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. प्रयोगशाळेत व्हेनियर्सचा टिकाऊपणा तपासताना ती 5 आणि 55 अंश सेल्सिअसच्या पाण्यात आलटून-पालटून बुडवतात, ती याचसाठी.

चहाचा रंग पोर्सेलीनमध्ये मुरत नाही, मात्र शेजारच्या आणि खालच्या नैसर्गिक दातांवर तो चढतच राहतो. काही वर्षांनी वरचे सहा दात पांढरे आणि बाकीचे पिवळसर दिसू लागतात, आणि दात उजळवण्याच्या कोणत्याही औषधाने पोर्सेलीनची छटा बदलत नाही. ज्यांना दात उजळवून घ्यायचे असतील त्यांनी ते व्हेनियरची छटा ठरवण्यापूर्वी उरकावे.

कंपोझिट व्हेनियर असेल तर मात्र रंगाची चिंता खरी आहे. कंपोझिट हे रेझिन असते, ते रंग धरते, त्याची झळाळी लवकर उतरते आणि आयुष्यही पोर्सेलीनपेक्षा कमी असते. आपल्या स्वयंपाकात त्याचा पहिला शत्रू हळद आहे. हळदीतले कर्क्युमिन रेझिनला पिवळे करते. कपड्यावरचा तोच डाग उन्हात फिका पडतो, पण तोंडात ऊन पोहोचवण्याची सोय नाही. कंपोझिट नव्याने बसवल्यावर पहिले दोन दिवस हळद, चहा, बीट आणि कोकम टाळावे, आणि नंतरही जेवणानंतर चूळ भरण्यात आळस करू नये. पोर्सेलीनची व्हेनियर्स तयार होईपर्यंत जी तात्पुरती आवरणे लावतात, त्यांनाही हेच पथ्य लागू आहे. ती मुद्दाम हलकी चिकटवलेली असल्यामुळे त्या काळात चिकट पदार्थही वर्ज्य समजावेत.

स्वच्छतेबाबत आमच्या भागातला एक गैरसमज दूर करायला हवा. फ्लोराइडमुळे दात खराब झालेली माणसे फ्लोराइडच्या टूथपेस्टलाही घाबरतात आणि मशेरी, कोळसा किंवा खरखरीत लाल मंजनाकडे वळतात. फ्लोराइडचे डाग दात घडत असताना, म्हणजे बालपणी, पडतात. प्रौढ माणसाच्या पुढे आलेल्या दाताला टूथपेस्टमुळे ते नव्याने पडत नाहीत. उलट सांध्याजवळच्या इनॅमलला कीड लागू नये यासाठी फ्लोराइडच हवे. खरखरीत मंजनाने कंपोझिटची झळाळी जाते आणि हिरडीही मागे सरते, शिवाय मशेरी हा तंबाखूच आहे. एक अपवाद मात्र दंतवैद्याला आठवण करून द्यावा असा आहे: दवाखान्यात लावतात त्या आम्लयुक्त फ्लोराइड जेलने पोर्सेलीनचा चकाकता थर खरवडला जातो, म्हणून तटस्थ सामूचे फ्लोराइड मागून घ्यावे. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या सांगितल्या असतील तेव्हा चहा कमी करावा, कारण त्या दोघांच्या संगतीने तपकिरी डाग पडतात.

रात्री दात खाण्याची सवय असेल, तर खाण्यापिण्याची ही सगळी पथ्ये अपुरी आहेत. झोपेतला दाब जेवणातल्या दाबापेक्षा अधिक असू शकतो आणि तो टिकतोही अधिक वेळ. त्यासाठी झोपताना दातांवर बसवायचे मापाचे गार्ड बनवून घेण्यास पर्याय नाही.

जिभेला कड अचानक खरखरीत लागली, किंवा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करण्याचा दोरा) ठरावीक जागी अडकून त्याचे धागे सुटू लागले, तर दुखण्याची वाट न पाहता दाखवावे. बारीक टवका अनेकदा नुसता घासून गुळगुळीत करता येतो. व्हेनियर अख्खे निघाले तर ते फेकू नये, आणि बाजारातल्या झटपट गोंदाने घरी चिकटवूही नये, कारण आत राहिलेला गोंद खरवडून काढताना ते फुटू शकते. ते स्वच्छ डबीत ठेवून डॉक्टरांकडे न्यावे. मधल्या काळात व्हेनियर बसवण्यासाठी तासलेला दात ठणकतो, तेव्हा गार-गरम टाळून वरण-भात, मऊ खिचडी किंवा दुधात कुस्करलेली पोळी दाढांनी खावी.