प्लग पांढरा म्हणजे हवा ओढतंय

गेल्या शनिवारी आमची १९७० सालची पिवळी स्की-डू ऑलिंपिक ३३५, म्हणजे बर्फावर चालणारी स्नोमोबाईल, गोठलेल्या तळ्यावर चाळीस मिनिटं न थांबता चालली, आणि त्या आनंदात हे लिहितोय. दोन हिवाळे गेले हिच्या मागे.

मिनेसोटात इथे शेतावरच्या कितीतरी शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी जुनी स्नोमोबाईल पडलेली असते. मी तशाच एका आजोबांकडून ही घेतली, ट्रॅकमध्ये, म्हणजे खालच्या रबरी पट्ट्यात, वाळकं गवत अडकलेलं, सायलेन्सरमध्ये उंदरांनी घर केलेलं, पेट्रोलचे पाईप हात लावला की तुटत होते. पण इंजिन जाम नव्हतं, दोरी ओढली की कॉम्प्रेशन हाताला लागत होतं, आणि तेवढ्यावरच मी हो म्हणालो. बॉनेट उघडून आत बघितलं तेव्हा खरं सांगतो, घरी आल्यासारखं वाटलं. एक सिलेंडर, टू-स्ट्रोक, ठिणगीची वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोच्या आत पॉइंट आणि कंडेन्सर, पेट्रोलमध्येच ऑइल. बाबांची चेतक मी कॉलेजात असताना याच पद्धतीने उघडायचो. आणि क्लच बघाल तर कायनेटिक होंडाच! वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, पुढची पुली दाबली जाते, बेल्ट वर चढतो, मागची पुली उघडते. गियर नाही काही नाही. ज्याने कायनेटिकचा बेल्ट बदललाय त्याला इथे नवीन शिकण्यासारखं फारसं नाही, फक्त इथे चाकाऐवजी रबरी पट्टा फिरतो.

स्की-डूमागचा माणूस मला फार जवळचा वाटतो. जोसेफ-आर्मां बोंबार्दिए, क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्टचा मेकॅनिक. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला, रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेता आलं नाही आणि मुलगा गेला. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांची खटपट तो आधीपासूनच करत होता, त्यानंतर तर त्याने ती सोडलीच नाही, आणि १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आली. गॅरेजमध्ये एकटा बसून बोगी व्हीलला, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या छोट्या चाकांना, ग्रीस भरताना हे हमखास आठवतं.

असो, आता मुद्द्यावर. पहिल्या हिवाळ्यात मी सगळ्यांसारखंच केलं, कार्बोरेटर उघडला. टिलॉटसनचा कार्बोरेटर आहे, त्यात फ्लोट नसतो, पातळ पडद्यासारखे डायफ्राम असतात आणि क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर पेट्रोल ओढलं जातं. इतक्या वर्षांत ते डायफ्राम तळलेल्या पापडासारखे कडक झाले होते. नवीन किट टाकलं, पाईप बदलले, पॉइंटला पॉलिश पेपर मारून फिलर गेजने ०.४ मिलिमीटरची गॅप ठेवली, आणि सातव्या-आठव्या खेचीला गाडी चालू. पण गरम झाली की आरपीएम आपोआप चढायचा, थ्रॉटल सोडला तरी खाली यायचा नाही. मी कार्बोरेटरचे एल आणि एच स्क्रू, म्हणजे कमी आणि जास्त वेगाला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारे, फिरवत बसलो. तीन संध्याकाळी. मग तळ्यावर घेऊन गेलो आणि वीस मिनिटांत पिस्टन सीज झाला, म्हणजे सिलेंडरमध्ये जाम. तो आवाज नाही विसरणार मी, एकदम दबल्यासारखा झाला आणि मग नुसती शांतता, आणि गाडी तीनशे मीटर ढकलत किनाऱ्याला आणली.

त्या रात्री साडेआठला, म्हणजे तिकडे सकाळी आठला, बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते सांगलीला असतात. मी पिस्टन दाखवायला लागलो तर म्हणाले, "ते राहू दे, आधी प्लग दाखव." प्लग कॅमेऱ्यासमोर धरला. खडूसारखा पांढरा. "अरे, हवा ओढतंय ते. चेतकचं मॅग्नेटोकडचं सील गेलं की असंच व्हायचं. कार्बोरेटरने काय होणार?"

आणि तेच होतं. क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतं, एक मॅग्नेटोच्या मागे, दुसरं क्लचकडे. पन्नास वर्षं पडून राहिलं की सीलची ओठासारखी कड टणक होते, शाफ्टला चिकटून बसत नाही. बाहेरून फट दिसत नाही, पण तिथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, म्हणूनच प्लग पांढरा, आणि या इंजिनाला वंगण त्या मिश्रणातूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. वर उष्णता जास्त. पिस्टन टिकणार कसा?

सिलेंडर बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन टाकला, आणि या वेळी चालू करायच्या आधी इंजिनात हवा भरून बघितली, कुठून गळते का ते. इनटेक आणि एक्झॉस्टच्या तोंडांवर ट्यूबचं रबर आणि वरून ॲल्युमिनियमची पट्टी घट्ट आवळली, आणि पट्टीला भोक पाडून आई इथे आली असताना ठेवून गेलेलं हाताने दाबायचं बीपीचं मशीन जोडलं. काटा ३०० वर म्हणजे साधारण सहा पीएसआय, यापेक्षा जास्त दाब देऊच नये. नवीन सील आले नव्हते म्हणून आधी जुन्यांवरच करून बघितलं, बल्ब दाबतोय तोवर काटा वर, सोडला की दहा सेकंदांत खाली. सीलवर साबणाचं पाणी लावलं तर मॅग्नेटोच्या बाजूला बारीक बुडबुडे, एका मागून एक, मोहरीएवढे. दोन हिवाळ्यांची माझी सगळी भानगड त्या बुडबुड्यांत होती. नवीन सील बसवले, काटा हलला नाही.

म्हणून जुनी टू-स्ट्रोक कुठलीही असो, स्नोमोबाईल, राजदूत, लुना, ती गरम झाल्यावर बोंबलायला लागली की स्क्रू फिरवू नका, आधी हवा भरून बघा. मॅग्नेटोकडच्या सीलपर्यंत पोचायला फ्लायव्हील, म्हणजे मॅग्नेटोचं जड चाक, काढावं लागतं, त्याला मात्र पुलरच वापरा, हातोडी मारून क्रँक वाकवलेले लोक मी बघितलेत.

पेट्रोलचं पण सांगतो, कारण गावाकडचे मित्र ई-२० मुळे हल्ली सारखे विचारतात. इथे साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतंच, पण मिनेसोटात बऱ्याच पंपांवर बिनइथेनॉलचं प्रीमियम वेगळं मिळतं आणि त्यावर जुन्या गाड्या, बोटी, स्नोमोबाईल यांच्यासाठी असं लिहिलेलंच असतं. मी तेच घालतो. उन्हाळ्यात टाकी आणि कार्बोरेटर रिकामा, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल आत, बेल्ट काढून ठेवलेला आणि मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर, ट्रॅक जमिनीला न टेकता. सायलेन्सरच्या तोंडात स्टीलची जाळी कोंबायला विसरायचं नाही, उंदीर परत येतातच.

शनिवारी निघायच्या आधी बाबांना फोन लावून स्पीकर हँडलवर ठेवला होता. तिसऱ्या खेचीला लागली. मी काही बोलायच्या आत तिकडून आवाज आला, "चोक बंद कर, चोक. आता ऐकू दे मला जरा."