हद्दीबाहेरचा चेंडू

“असू दे की, इथंच टाक अन् एक दंड धर,” गोल्फच्या मैदानाची हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या खुंट्यांपलीकडे गेलेल्या माझ्या चेंडूकडे बघत सोबती म्हणाले, आणि कोल्हापुरी मायेचे ते वाक्य दिवसभर मनातून जाईना.

गोल्फच्या नियम १८.२ प्रमाणे चेंडू हद्दीबाहेर गेला की एका फटक्याच्या दंडासह मूळ जागेवरूनच पुन्हा मारावे लागते. म्हणजे टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला दुसरा चेंडू हा तिसरा फटका ठरतो. २०१९ पासून स्थानिक नियम लागू असेल तर पुढे फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) चेंडू टाकता येतो. मात्र दंड दोन फटक्यांचा, म्हणून तिथला फटका चौथा. हा हिशेब मला फार न्याय्य वाटतो, कारण परत जाऊन नीट मारणाऱ्याचाही पुढचा फटका चौथाच असतो.

शंका येताच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असे स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारला, तर मागे चालत जावे लागत नाही. मग ही एका दंडाची सवलत आपण एकमेकांना का देतो?