पंपाला पृथ्वी जोडा

'मोटर चालू करण्यापूर्वी पंपाला पृथ्वी जोडा.' हे वाक्य माझ्याच हातून गेलं, खोटं कशाला बोलू!

सौर कृषी पंपाची माहितीपुस्तिका इंग्रजीतून मराठीत करायची होती, मुदत दोन दिवस. आमचं सॉफ्टवेअर जुन्या कामांतले शब्द आपोआप सुचवतं. आधीचं काम होतं भूगोलाचं. इंग्रजी 'अर्थ' (earth) दिसला की ते 'पृथ्वी' पुढे करायचं आणि रात्री दीड वाजता मी मुकाट एंटर दाबत गेले.

सकाळी आमच्या वायरमन काकांना मजकूर वाचायला दिला. ही जुनी सवय. पुस्तिका शेवटी त्यांच्यासारखाच कुणीतरी उघडणार. पहिल्याच पानावर ते थांबले. "ताई, पृथ्वीच पाहिजे का? मंगळ नाही चालणार?"

ओशाळून मी एका फटक्यात सगळीकडे 'अर्थिंग' करून टाकलं. पुढच्या पानावर निघालं : 'उरलेला खड्डा बारीक अर्थिंगने भरावा.' तिथे साधी माती हवी होती. त्याखाली मोटरचं वर्णन : 'दुर्मीळ अर्थिंगचे चुंबक.'

हे तिसरं प्रकरण निराळंच. 'रेअर अर्थ' म्हणजे निओडिमियमसारखी मूलद्रव्यं. सहजी न वितळणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या भुकट्यांना जुने रसायनशास्त्रज्ञ 'अर्थ' म्हणत. स्वीडनमधल्या इटरबी गावच्या काळ्या दगडात योहान गाडोलिनला 1794 मध्ये अशीच एक नवी भुकटी सापडली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं तर ही मूलद्रव्यं ना माती, ना सगळी दुर्मीळ. त्यांतलं सीरियम भूकवचात जवळपास तांब्याइतकं आहे. मी काकांना 'विरल मृदा' ऐकवून पाहिलं. "मृदा म्हणजे परत मातीच की!" शेवटी 'रेअर अर्थ चुंबक' तसंच ठेवलं.

अर्थिंगसाठी 'भूसंपर्कन' हा पुस्तकी शब्द तर काकांनी ऐकूनच घेतला नाही. म्हणाले, "वायर बॉडीला लागली तर करंट माणसातून न जाता मातीत जायला पाहिजे. म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ टाकायचं, वर पाणी ओतायचं. माती सुकली की अर्थिंग असून नसल्यासारखं."

शेवटच्या पानावर एकाच इंग्रजी वाक्यात 'अर्थ' दोनदा आला होता. मी सॉफ्टवेअर बंद केलं आणि काका म्हणाले तसं उतरवलं : 'अर्थिंगच्या खड्ड्यातली माती ओली आहे का ते बघा. उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घाला.'