वॅगनआरची नोंदवही: ७१,८४० ते ८०,२६०

डिसेंबर २०२४, मीटर ७१,८४०

गाडी घरी आली. मारुती वॅगनआर एलएक्सआय, पेट्रोल, २०१४ चं मॉडेल, एमएच-११ (सातारा) पासिंग, पहिल्या मालकाकडून थेट. दोन लाख पाच हजारांना ठरली.

वॅगनआरच का, तर आईचे गुडघे. तिला खालच्या सीटवरून उठवत नाही आणि उंच गाडीत पाय टाकता येत नाही. या गाडीत ती दार उघडून नुसती मागे टेकते आणि पाय आत घेते. बाकीचे फायदे त्यानंतरचे: के-१० इंजिन, ९९८ सीसी, तीन सिलिंडर, बेल्टऐवजी टायमिंग चेन, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळणारे पार्ट.

मालकांना आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' सेकंड हँड गाडी थंडच बघायची. गरम करून ठेवलेली गाडी सुरू व्हायला किती वेळ घेते, पहिल्या मिनिटात काय आवाज करते, कसला धूर टाकते, यातलं काहीच कळत नाही. बॉनेटखालचे फेंडरचे बोल्ट पाहिले, पाना लागल्याच्या खुणा नव्हत्या, म्हणजे ठोकून उघडलेली गाडी नाही. मागची मॅट उचलून स्टेपनीचा खड्डा पाहिला, पत्रा सरळ, गंज नाही. मग ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि पोटात गोळा आला. झाकणाच्या आतून दुधाळ, सायीसारखा थर. ऑइलमध्ये पाणी जातंय म्हणजे हेडगॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील, गेलं, असंच कुणीही म्हणेल.

सोबत आमचे मेस्त्री होते. त्यांनी डिपस्टिक काढून पाहिली, ऑइल काळं पण स्वच्छ. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी सुरू केली, बुडबुडे नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. म्हणाले, 'सर, हेडगॅस्केट नाही गेलेलं. पण हा थर कशामुळं आलाय ते मला आत्ता सांगता यायचं नाही.' माहीत नाही असं सरळ सांगणारा मेस्त्री मिळाला की त्याला सोडू नये. गाडी घेतली आणि वहीत पहिली नोंद केली: झाकणाखाली थर, कारण बाकी. दुसरी नोंद: रेडिएटरमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवायचं खास द्रव) नाही, तांबूस पाणी आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. कर्ज २०१९ लाच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. त्यामुळे बोजा उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी, मग नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. पूर्ण पैसे देण्याआधी आरसीवर बोजा आहे का आणि ई-चलनं किती थकली आहेत हे ऑनलाइन बघून घ्याच. या गाडीवर दोन चलनं निघाली, मालकांनी तिथेच भरली. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायचा असतो. गाडी नावावर झाली म्हणून पॉलिसीही झाली असं अनेक जण धरून चालतात आणि क्लेमच्या वेळी अडकतात.

जानेवारी २०२५, मीटर ७२,३९०

पहिली टाकी फुल ते फुल: ३८१ किलोमीटर, २९.१ लिटर. अॅव्हरेज १३.१. कंपनीचा २०.५१ चा आकडा रस्त्यावर कुणालाच मिळत नाही, पण १३ म्हणजे काहीतरी चुकतंय.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग पळायचं बघू. सीटकव्हर आणि टेप शेवटी.

टायरवर नक्षी भरपूर होती, पण बाजूला बारीक चिरा. साइडवॉलवरचा चार आकडी कोड २३१७, म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. साडेसात वर्षांत रबर कडक होतं, पावसात पकडत नाही. चारही बदलले, १४५/८० आर१३, १२,६०० रुपये. या यादीतला सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि पुन्हा करायची वेळ आली तर हाच आधी करेन.

ब्रेक ऑइल चहासारखं झालं होतं. ते हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल धरल्यावर १४० च्या आसपास. यवतेश्वर घाट उतरताना वाफ धरली तर पायाखालचं पेडल खाली जाईल. सातारकराला हे समजावून सांगायला नको. पूर्ण बदललं.

एक गोष्ट पाहणीत सुटली होती, ती आता सापडली. वीस किलोमीटर चालवून आल्यावर पुढच्या चाकांवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला: उजवी डिस्क ६४ अंश, डावी ११८. डाव्या कॅलिपरची, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन सुकून अडकली होती, पॅड डिस्कला घासतच चालले होते. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, पॅड नवे टाकले. ऑइल, फिल्टर, तिन्ही प्लग बदलले आणि दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरली. सगळ्या टायरमध्ये २२ पीएसआयच निघाली होती.

महिन्याच्या शेवटी पहाटे महाबळेश्वरला गेलो. कडाक्याची थंडी, हीटर पूर्ण सोडला तरी हवा कोमटच. मुलगी मागे शालीत गुरफटून बसली होती. वहीत तिसरी नोंद: हीटर कोमट.

फेब्रुवारी, मीटर ७३,१५०

अॅव्हरेज ४०२ किलोमीटरला २७.८ लिटर, म्हणजे १४.५. सुधारलं, पण मन भरेना.

ओबीडी स्कॅनर घेतला, इंजिनाचे आकडे वाचून दाखवणारा, ब्लूटूथवर मोबाइलला जोडायचा, हजारभर रुपयांचा. एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ आहे, त्यामुळे आपल्या या वयाच्या गाड्यांशी तो सहसा बोलतो. स्टिअरिंगखाली खोचला आणि कराडच्या रस्त्याला लागलो. ८० च्या वेगाला कूलंटचं तापमान ५८ ते ६२ अंश. गावात शिरलो की ७० वर. पुन्हा हायवेला लागलो की ६० वर.

बाजूला गाडी लावून तो आकडा मी कितीतरी वेळ बघत बसलो. वहीतल्या तिन्ही कोड्यांचं उत्तर त्यात होतं. तापलेलं इंजिन ८० ते ९० च्या दरम्यान राहायला हवं. इतकं थंड चालणाऱ्या इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) अजून गरम व्हायचंय असं समजून जास्त पेट्रोल देत राहतो, म्हणून अॅव्हरेज नाही. हीटरला गरम पाणीच मिळत नाही, म्हणून हवा कोमट. आणि इंजिनात तयार होणारी पाण्याची वाफ उडून जात नाही, झाकणाखाली थंड होऊन ऑइलमध्ये मिसळते, म्हणून तो दुधाळ थर.

मेस्त्रींना फोन केला. ते लगेच म्हणाले, 'थर्मोस्टॅट काढलेला असणार.' थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह.

मार्च, मीटर ७३,९२०

हाउसिंग उघडलं. थर्मोस्टॅटची जागा रिकामी.

आपल्याकडे ही जुनी पद्धत आहे. गाडी गरम होते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा. तो नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, गाडी थंड राहते, गिऱ्हाईक खूश. कार्बोरेटरच्या गाड्यांत ते कसंबसं खपून जायचं. इंजेक्शनच्या गाडीत दर टाकीला दोन-चार लिटर पेट्रोल त्यात जातं, आणि थंड इंजिनाची झीज होते ती वेगळीच.

नवा थर्मोस्टॅट, रेडिएटरचं नवं झाकण, डिस्टिल्ड वॉटरने चार वेळा धुणं, मग कूलंट. झाकण बदलायला विसरू नका. ते आतला दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभरच्या पुढे जाऊनही उकळत नाही. जुन्याची स्प्रिंग बोटाने दाबली तरी बसत होती.

हायवेला आता ८४ ते ८८, आकडा हलत नाही. पुढची टाकी: ४१८ किलोमीटर, २४.९ लिटर. १६.८!

एप्रिल, मीटर ७४,६८०

इथे थांबलो असतो तर ही नोंद सुखाची झाली असती. पण एक प्रश्न मी मार्चमध्ये विचारायलाच हवा होता, तो विचारला नाही. थर्मोस्टॅट काढावा का लागला होता?

उत्तर पोवई नाक्यावर मिळालं. दुपारी तीनची वेळ, एसी चालू, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मोबाइलवर ९६, मग ९९, १०२, १०४. फॅन पूर्ण जोरात फिरत होता तरी आकडा खाली येईना. आई मागे बसलेली. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो आत ओढून घेतो. भर उन्हात गरम हवा अंगावर घेताना आई काही बोलली नाही, पदराने वारा घेत राहिली. आकडा ९८ वर आला, गाडी सावलीत लावली. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. पाऊण तास बसून राहिलो.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी तापवली आणि रेडिएटरच्या जाळीवर थर्मामीटर फिरवला. वर ९३ अंश, आणि खालच्या एका कोपऱ्यात ५० च्या आसपास. त्या कोपऱ्यात गरम पाणी पोचतच नव्हतं. आमच्याकडे बोअरचं पाणी चुनखडीचं, किटलीत पांढरा थर धरतो तसाच नळ्यांत धरलेला. कितीतरी वर्षं कुणीतरी वरून फक्त पाणी ओतत आलं होतं. रेडिएटर तुंबला, गाडी गरम व्हायला लागली, तेव्हा कुणीतरी थर्मोस्टॅट काढला. गरम होणं थांबलं, तुंबलेला रेडिएटर आत तसाच राहिला. मी थर्मोस्टॅट परत बसवला आणि मूळचा आजार वर आला.

मेस्त्री म्हणाले, 'अॅसिडने धुऊन देणारे आहेत, पण अॅल्युमिनियमच्या नळ्या आहेत सर, कुठंतरी फुटंल.' नवाच टाकला. कूलंट आणि मजुरी धरून ५,८०० रुपये. बसवताना इंजिनाचा खालचा माउंट (इंजिन धरणारा रबरी आधार) फाटलेला दिसला, तोही बदलला. तीन सिलिंडरचं इंजिन थोडं थरथरणारच, पण सिग्नलला आरसा हलायचा तो आता हलत नाही.

मे, मीटर ७५,४१०

परीक्षा पसरणी घाटात घेतली. वाईहून पाचगणी, पाच माणसं, सामान, एसी चालू, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. आकडा ९३ पर्यंत गेला, वर टेबललँडच्या फाट्याजवळ ८७ वर स्थिर. मी दर दोन मिनिटांनी मोबाइलकडे बघत होतो, शेवटी बायकोने तो काढून घेतला आणि स्वतः आकडे वाचून सांगायला लागली.

जून ते ऑगस्ट, मीटर ७८,१००

पावसाळ्यात मोठं काही नाही. वायपरचे रबर बदलले. स्पीडब्रेकरवर खट-खट आवाज होता, लोअर आर्मचे बुश निघाले. बदलून अलाइनमेंट केली. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना लागणारी नवी नंबरप्लेट बसवली, ७४५ रुपये अधिक जीएसटी.

ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल बरेच जण विचारतात. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे मिश्रण १० वरून २० टक्क्यांवर गेलं की हिशेबाने अॅव्हरेज साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरेल, १७ ला अर्ध्या किलोमीटरहून थोडं जास्त. तेवढा फरक माझ्या वहीत हवा आणि ट्रॅफिकच्या चढउतारातच हरवतो. मला काळजी रबराची जास्त वाटते. आपल्या जुन्या गाड्यांचे पाइप त्या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. इंजिनाजवळच्या एका फ्युएल होजवर केसासारख्या चिरा होत्या. वयाने पडल्या की इथेनॉलने, हे ठरवता येणार नाही. होज बदलला, आणि दर सर्व्हिसिंगला वाकवून बघायचा हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

नोव्हेंबर, मीटर ८०,२६०

शेवटची टाकी: ४४६ किलोमीटर, २५.६ लिटर, १७.४. वर्षभराचा दुरुस्तीचा खर्च ३०,६०० रुपये, टायर धरून. गाडीच्या किमतीच्या पंधरा टक्के. जुनी गाडी घेताना एवढे पैसे बाजूला ठेवूनच सौदा करा, नाहीतर दोन लाखांची गाडी परवडली असं वाटून तिसऱ्या महिन्यात हात आखडता घ्यावा लागतो, आणि मग कुणीतरी थर्मोस्टॅट काढून देतो.

ऑइलच्या झाकणाची आतली बाजू दर रविवारी बघतो. मार्चमध्ये पुसली होती, तेव्हापासून स्वच्छ आहे. कूलंटची पातळी एप्रिलपासून केसभरही हललेली नाही.

बाकी काम: मागचे ब्रेक लायनर. हँडब्रेक आठ दात वर येतोय, पूर्वी पाचव्यालाच धरायचा. पुढच्या महिन्यात ड्रम उघडतो आणि लायनरची मापं इथे टाकतो.