नाशिकचे असून डिसेंबरात द्राक्षं नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून. खरं तर दर थंडीत पाहुणे हेच विचारतात: "नाशिकला राहता आणि द्राक्षं घरात नाहीत?"

द्राक्ष थंडीवर नाही, छाटणीवर मोजायचं. निफाड-दिंडोरीकडे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात होते. थॉमसन या बिनबियांच्या वाणाला तिथून साधारण 120 ते 130 दिवस लागतात. 10 ऑक्टोबरला छाटलेली बाग 7 फेब्रुवारीला 120 दिवसांची होते. मग डिसेंबरात हातगाडीवर असतं काय? एक तर बागलाण तालुक्यातली अर्ली, म्हणजे लवकर छाटलेल्या बागेतली द्राक्षं, नाहीतर भावासाठी घाईने खुडलेला माल. द्राक्ष केळ्यासारखं खुडल्यावर पिकत नाही. चार दिवस ठेवलंत तर सुकेल, गोड व्हायचं नाही.

अर्लीला मी नावं ठेवत नाही. भर पावसाळ्यात छाटून, डावणी या बुरशीरोगाशी झुंजून आणलेला माल तो. पण पावसातली बाग म्हणजे फवारण्या जास्त, हेही खरंच. जवळचं म्हणजे बिनऔषधाचं, असं मानणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

आणि कडाका द्राक्षाला मानवतच नाही. निफाडचा पारा 10 अंशांखाली गेला की साखर भरणं मंदावतं. पाणी उतरलेल्या, म्हणजे मणी मऊ पडू लागलेल्या बागेत रात्री गारठा नि दिवसा ऊन पडलं, तर मणी तडकतात. मुळांनी ओढलेलं पाणी गारठ्यात पानांतून उडत नाही, ते मण्यात साठतं आणि साल फुटते. एक मणी फुटला की रस शेजारच्यांवर, त्यावर बुरशी, मग अख्खा घड गेला. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, विहिरीचं कोमट पाणी ड्रिपने सोडतात. तेही बेतानंच, जास्त झालं तर तेच पाणी मणी फोडतं.

घ्यायचीच असतील तर घडाच्या टोकाचा मणी चाखा. खांद्याचे मणी आधी गोड होतात आणि विक्रेता नेमका तोच हातावर ठेवतो. मण्याला पिवळसर झाक हवी, देठ मात्र हिरवा. पांढरी लव बहुधा नैसर्गिकच असते, तरी धुवा. पण खाण्याआधी, फ्रिजमध्ये ठेवण्याआधी नाही.

तोवर काय खायचं? हरभऱ्याचे कोवळे शेंडे. फुलं लागायच्या आत खुडलेले. नंतर चरबट होतात. धुऊन निथळा, बारीक चिरा, कांदा, दाण्याचं कूट, तिखट, वरून कच्चं तेल: घोळाणा झाला. मीठ चाखूनच घाला, पानाला आंब असते. कांदा या दिवसांत लाल मिळतो. उन्हाळ कांद्यासारखी त्याची गोणी भरून ठेवू नका. त्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. आठवड्यापुरताच घ्या, नि मान मऊ लागली तो आधी चिरा.