तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला जहाजावर धाडू का?

सुट्टीवर गावी आलो की पहिले दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ओट्यावर येऊन बसतं, चहा होतो, पाऊसपाणी होतं, केळीचा भाव होतो आणि मग प्रश्न येतो. पूर्वी तो "पगार किती?" असा असायचा. दोन-तीन वर्षांपासून बदललाय. यंदा आखाजीला आमच्या गल्लीतल्या नानांनी मोबाइल पुढे धरला आणि विचारलं, "भाऊ, आते म्हणे बिनमाणसनं जहाज येल शे. खरं शे का? मंग पोऱ्याले धाडू का नको?"

मोबाइलवर नॉर्वेच्या जहाजाचा व्हिडिओ होता. नानांचा मुलगा बारावी सायन्सला. हाच प्रश्न मला अमळनेरच्या लग्नात विचारला गेलाय, धुळ्याच्या एसटीत विचारला गेलाय, भावजयीच्या माहेरून तर फोन आलाय. म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठी. गावचं पाणी सुरतेकडे जाऊन समुद्राला मिळतं, माणसं क्वचित. मी सतरा वर्षं कंटेनरच्या जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. आपल्याकडचे खलाशी या हुद्द्याला 'बत्तीसाब' म्हणतात. माझं म्हणणं बत्तीसाबच्या बाजूनेच येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

तर व्हिडिओ खरा आहे. 'यारा बिर्कलंड' हे जहाज २०२१ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा ऑस्लोला आलं आणि २०२२ पासून खताचे कंटेनर वाहतंय. १२० पेट्या मावतात, सगळं बॅटरीवर. पण ते जातं किती? खताच्या कारखान्यापासून शेजारच्या बंदरापर्यंत, सात समुद्री मैल, म्हणजे तेरा किलोमीटर. आमच्या पिढीने शाळेसाठी याहून जास्त सायकल मारली आहे. आणि सुरुवातीला त्यावरही माणसं होतीच. नॉर्वेतच 'मारित' आणि 'तेरेस' नावाच्या दोन फेरी आहेत, ट्रकचे ट्रेलर खाडीपार नेणाऱ्या, पुढेमागे माणसाविना चालाव्यात अशा बेताने बांधलेल्या. त्या बांधल्या कुठे, तर आपल्या कोचीन शिपयार्डमध्ये. २०२२ मध्ये त्या नॉर्वेला गेल्या त्या स्वतः चालत नव्हे, तर दुसऱ्या मोठ्या जहाजाच्या पाठीवर बसून. त्या जहाजावर मात्र माणसं होती. हे सांगितल्यावर नाना खूप हसले.

जपान्यांनी याहून मोठी उडी मारली. २०२२ च्या सुरुवातीला त्यांनी 'सुझाकू' नावाचं कंटेनर जहाज टोकियोच्या उपसागरातून, गर्दीच्या पाण्यातून, जाऊन-येऊन सुमारे ७९० किलोमीटर बहुतेक आपोआप चालवलं. 'मिकागे' नावाच्या दुसऱ्या जहाजाच्या चाचणीत धक्क्याला बांधायचा दोर ड्रोनने पोचवला. तेव्हा 'जहाज आपोआप कसं वळेल?' ही शंका मनातून काढून टाका. वळतं. दिशा धरून ठेवणारा ऑटोपायलट जहाजांवर शंभर वर्षांपासून आहे. रात्री इंजिनरूम रिकामी ठेवायची पद्धतही माझ्या जन्माआधीची. अलार्म वाजला की ज्याची पाळी असेल त्याच्या केबिनमध्ये घंटा होते आणि तो डोळे चोळत खाली उतरतो.

अडचण त्या डोळे चोळणाऱ्याची आहे.

गावात सगळ्यांना वाटतं जहाजावरची माणसं जहाज 'चालवतात'. एसटीला ड्रायव्हर तसा जहाजाला कॅप्टन. ड्रायव्हर गेला की प्रश्न मिटला. प्रत्यक्षात वीस-बावीस जणांपैकी चालवणारे थोडे. बाकीचे दिवसभर दुरुस्ती करत असतात. मोठ्या जहाजाचं जड तेल डांबरासारखं, तापवल्याशिवाय पंपातून पुढे सरकत नाही. ते गाळणारी यंत्रं तुंबतात, फिल्टर भरतात, पाइपाला कुठेतरी बारीक भोक पडतं. समुद्रावर तीन आठवडे काहीच बिघडलं नाही, असं मी एकदाही पाहिलेलं नाही.

माझंच काम घ्या. आमच्या भागातली केळी न्हावा शेव्याहून आखातात जाते ती रीफर म्हणजे फ्रिजसारख्या गार कंटेनरमध्ये, तेरा-चौदा अंश तापमानात. तेराच्या खाली गेली की साल काळवंडते, मग ती पिकवली तरी पिवळीधमक होत नाही. वर गेली की पेटीतच पिकायला लागते, आणि एक घड पिकू लागला की त्याच्या वायूने शेजारचे पिकतात. हे मी तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही केळीवालेच. पण जहाजावर त्या पेट्यांचं तापमान रोज कोण बघतं? मी. एका फेरीला तीन-चारशे रीफर असतात, प्रत्येकाचा ४४० व्होल्टचा प्लग. हल्ली पेटीचं तापमान उपग्रहावरून मुंबईच्या ऑफिसातही दिसतं. छान आहे. पण पंखा बंद पडलाय हे मुंबईत दिसून काय होतं? तो बदलायला पाना घेऊन कुणीतरी शिडी चढावीच लागते, आणि ती शिडी जहाजाबरोबर डुलत असते. एकदा अरबी समुद्रात, मान्सूनमध्ये, एका पेटीचा कॉन्टॅक्टर जळाला होता. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये असतो ना, त्याचाच भाऊ. वीस मिनिटांचं काम, मला दोन तास लागले, कारण एक हात सतत कठड्याला. आत काय होतं ते मला माहीत नव्हतं. केळी असेल तर कुणाचं तरी वर्ष वाचलं.

अटलांटिक ओलांडायला 'मेफ्लॉवर' नावाची छोटी बिनमाणसांची नौका सोडली होती, संशोधनासाठी. दिशा, टक्कर टाळणं, हे सगळं तिचा संगणक बघणार होता. २०२१ मध्ये धुराच्या नळीचा एक जोड तुटला म्हणून ती माघारी आणावी लागली. २०२२ मध्ये जनरेटरने त्रास दिला, तेव्हा आधी अझोर्स बेटांवर नेली आणि शेवटी अमेरिकेऐवजी कॅनडात, हॅलिफॅक्सला लागली. पोचली, हे खरं, आणि कौतुकाचंही. पण अडली कशावर? हुशारीवर नाही, नळीच्या जोडावर. आमचा फिटर असता तर जेवणाआधी उरकलं असतं.

आता उलट बाजू. ती मी लपवणार नाही, कारण त्या बाजूला माझे मित्र आहेत. जून २०२५ मध्ये 'वान हाय ५०३' हे जहाज कोलंबोहून आपल्या न्हावा शेव्याला येत होतं. केरळच्या किनाऱ्यापासून दूर त्यावर स्फोट होऊन आग लागली. बावीस जण होते, अठरा वाचवले, चार सापडले नाहीत. त्याआधी २०२४ च्या मार्चमध्ये एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स'वर क्षेपणास्त्र पडलं, तीन खलाशी गेले, बाकीच्यांना आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने उचललं. माणसंच नसती तर कोण मेलं असतं? चाच्यांनी ओलीस कुणाला धरलं असतं? करोनात चार लाखांवर खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. मीही होतो, घरातला एक अंत्यविधी मी व्हिडिओवर पाहिला. त्या दिवसांत कुणी म्हणालं असतं की जहाजं रिकामी चालवू, तर मी दोन्ही हात वर केले असते.

आणि माणूस असला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. २६ मार्च २०२४ ला अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा पूल पाडणाऱ्या 'दाली' जहाजावर बहुतेक सगळे भारतीयच होते. जहाजाची वीज गेली. चौकशीत कारण निघालं ते वाचून मी रात्रभर जागा होतो: एक वायर टर्मिनलमध्ये पुरती बसलेली नव्हती, कारण तिच्यावरची नावाची पट्टी आड येत होती. म्हणजे माझ्याच धंद्यातली चूक, आणि इतके लोक रोज जा-ये करत असून कुणाला दिसली नाही. पण त्याच रात्रीचं दुसरंही लक्षात ठेवा. जहाजावरच्या पायलटने, म्हणजे बंदरातून वाट दाखवणाऱ्या माणसाने, वेळेत सांगितलं म्हणून पोलिसांनी पुलावरची वाहनं अडवली. पुलावर काम करणारे सहा मजूर वाचले नाहीत. गाड्यांतली माणसं वाचली. 'बहुतेक अपघात माणसाच्या चुकीने होतात' असं सांगणारे माणसाने टाळलेले अपघात मोजत नाहीत, ते कुठल्या वहीत लिहिलेलेच नसतात.

जहाज किनाऱ्यावरून चालवायचं म्हणजे ते तारेवर लोंबकळत ठेवायचं, ही आणखी एक भानगड. जीपीएसचे खोटे सिग्नल सोडून जहाजाला भलत्याच ठिकाणी 'दाखवणं' आता नवलाचं राहिलेलं नाही. २०१७ मध्ये काळ्या समुद्रातली जहाजं पडद्यावर चक्क विमानतळावर उभी दिसत होती. माणूस अशा वेळी पडदा सोडून खिडकीबाहेर बघतो. त्याच वर्षी एका संगणकी हल्ल्यात मर्स्क ही मोठी जहाज कंपनी आडवी झाली आणि न्हावा शेव्याचं एक टर्मिनलही ठप्प पडलं. तिथे ट्रकांची रांग लागली एवढंच. भर समुद्रात जहाजच ठप्प झालं तर?

कायदाही अजून माणूस गृहीत धरूनच बसलाय. टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पाचवा नियम सांगतो, नजरेने आणि कानाने पहारा ठेवा. बुडणाऱ्याला वाचवणं हे कॅप्टनचं कर्तव्य आहे. गुजरातच्या मच्छीमाराची होडी उलटली आणि शेजारून रिकामं जहाज गेलं, तर ते दोर कोणाच्या हाताने टाकणार? लंडनच्या सागरी संघटनेने, आयएमओने, वेळापत्रक आखलंय: २०२६ मध्ये ऐच्छिक नियमावली, आणि सक्तीची १ जानेवारी २०३२ पासून. त्यातही एक जबाबदार कॅप्टन लागणारच, तो किनाऱ्यावर बसलेला असला तरी चालेल.

माझा अंदाज असा. छोट्या पल्ल्याची जहाजं रिकामी होतील, फेरी, बंदरातले टग, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी. तिथे हिशोब बसतो: शंभर पेट्यांमागे आठ माणसांचा पगार जड जातो, बॅटरी पुरते, आणि बिघडलं तर तासाभरात मेकॅनिक पोचतो. सुवेझमध्ये अडकलेल्या 'एव्हर गिव्हन'वर वीस हजारांच्या आसपास पेट्या मावतात, माणसं पंचवीस. तिथे माणूस काढून वाचणार किती, आणि एकदा बंद पडलं तर जाणार किती? ते जहाज सहा दिवस आडवं होतं तर जग थांबलं होतं. मोठ्या जहाजांवर वीसचे पंधरा होतील, पंधराचे बारा. पहाऱ्याला उभे राहणारे आधी जातील, हातात पाना धरणारे शेवटी.

म्हणून नानांना सांगितलं, धाडा, पण जरा विचार करून. पोराला 'कॅप्टन'च्या टोपीचं वेड असेल तर त्याला पुढे पडद्यासमोर बसायची तयारी ठेवायला सांगा. इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकलकडे कल असेल तर जास्त बरं. आणि बिनमाणसांच्या जहाजापेक्षा मोठा धोका चोपड्याच्या स्टँडवरच भेटतो: 'तीन लाख द्या, महिन्यात जॉइनिंग' म्हणणारा एजंट. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे. कंपनीला भरतीचा परवाना आहे का, ते डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाजांच्या सरकारी खात्याच्या, वेबसाइटवर दिसतं. शेत गहाण टाकायच्या आधी तेवढं बघा. दोन तालुके पलीकडच्या एका पोराला असाच एका बोटीवर चढवला होता, चार महिने पगार नाही, पाणी मोजून. त्याला आणायला जे हेलपाटे झाले ते वेगळं लिहीन.

नाना म्हणाले, "पोऱ्याले इचारी ले ना, भाऊ." पोरगा दारात उभाच होता. त्यांच्या विहिरीची मोटर दोन दिवस बंद होती, वायरमन येतो येतो म्हणत होता. म्हटलं चल. मेन स्विच पाड, टेस्टर लाव, मगच हात घाल. त्याने न सांगता टेस्टर दोनदा लावला. झाकण उघडलं तर कॉन्टॅक्टरच्या पॉइंटांमध्ये पाल चिकटून मेलेली. पोरगा दचकला नाही. खिशातून काडी काढली, ती पाल बाजूला केली, आणि पॉइंट घासायला माझ्याकडे कानस आहे का, विचारलं.