सायकल ट्रॅकची रुंदी नंतर बघू

पुण्यात सायकल ट्रॅकचा विषय निघाला की बोलणं रुंदीवर येऊन अडतं. मी बिबवेवाडीहून स्वारगेटला सायकलने कामाला जाते. मला विचाराल तर रुंदीच्या आधी दोन गोष्टी बघायला हव्यात. डोक्यावर सावली आहे का, आणि पावसाचं पाणी जातं कुठे?

एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो, यात नवीन काही नाही. पण पूर्वी संध्याकाळी हवा गार व्हायची. आता दिवे लागल्यावरही रस्त्यातून झळा येतात, कारण दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री उशिरापर्यंत निवत नाही. एसी लावून गाडीत बसलेल्यांना हे जाणवणारही नाही.

जंगली महाराज रस्त्याच्या फुटपाथवर भर मे महिन्यातही माणसं निवांत बसलेली दिसतात. कौतुक होतं ते फरशांचं आणि बाकांचं. निम्मं तरी श्रेय तिथल्या जुन्या झाडांचं आहे! आमच्याकडच्या पर्जन्यवृक्षाला मात्र ब्लॉक थेट बुंध्यापर्यंत भिडवलेत. मुळांनी ते उचलले, फुटपाथ वेडावाकडा झाला, आणि आता म्हातारी माणसं तेवढ्यापुरती खाली उतरून गाड्यांमधून वाट काढतात. दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच दिला होता. आपल्या झाडांनाही तेवढी माती मिळायला नको का?

पाण्याचं तर विचारूच नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. माणसं गेली. ओढ्याला जागा उरली नाही आणि जमिनीत पाणी मुरायला माती उरली नाही. त्याचंच छोटं रूप दर पावसाळ्यात ट्रॅकवर दिसतं. डांबराचे, सिमेंटचे थर चढून रस्ता उंच झालाय, त्यामुळे सगळं पाणी कडेला, म्हणजे आमच्या वाटेवर. त्यात पावसाळी गटाराच्या जाळ्या. फटी चाकाला आडव्या हव्यात, पण बऱ्याच ठिकाणी त्या चाकाच्याच दिशेने बसवल्यात. गढूळ पाण्याखाली त्या दिसत नाहीत. पुढचं चाक फटीत गेलं की माणूस सरळ हँडलवरून पुढे.

२०२१ मध्ये आणखी २३ गावं शहरात आली. नऱ्हे, मांजरी, वाघोली. तिथे टॉवर आधी उभे राहतात, फुटपाथचं नंतर बघू. साइटवर जाणारे गवंडी, सुरक्षारक्षक, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका चालत नाहीतर सायकलनेच येतात. झाडांना आणि पावसाच्या पाण्याला जागा सोडायची तर तिथे ती आत्ताच सोडता येईल. एकदा काँक्रीट पडलं की कोण उखडणार?

महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. यंदा आमच्या रस्त्यासाठी मी नवा ट्रॅक मागितलेला नाही. जाळ्या फिरवून बसवा आणि बुंध्यांभोवतीचे ब्लॉक काढा, एवढंच लिहून दिलंय.